बर्फवाल्या क्रिस्पुलोंच्या दाराची कडी

आमच्या मुकुसाय गावात बर्फाला मालक आहे. नाव क्रिस्पुलो रांगेल. समोरच्या शिखरावर जे काही पांढरं दिसतं ते आपलं, अशी त्यांची ठाम समजूत आहे, आणि गावाने त्यावर आजवर वाद घातलेला नाही. घालणार तरी कोण? सकाळी उठून त्या पांढऱ्याची ख्यालीखुशाली विचारणारा दुसरा माणूस गावात नाही. आम्ही आपले बटाटे काढतो, गायी सोडतो आणि थंडीच्या नावाने बोटं मोडतो.

मी एदिक्ता, त्यांच्या समोरच्या घरात राहते. त्यांच्या एकुलत्या एका मुलीची मी धर्ममाता, म्हणून ते मला कोमाद्रे म्हणतात आणि मी त्यांना कोम्पाद्रे. एवढं नातं असल्यावर माणसाबद्दल बरं-वाईट दोन्ही बोलायचा हक्क मिळतो. वाईट म्हणजे तसं काही नाही हो. थोडा हट्ट, थोडा आगाऊपणा, आणि बर्फाविषयी धादांत खोटं बोलणं.

बर्फ त्यांच्याकडे वारशाने आलाय. त्यांचे वडील वर जाऊन बर्फाच्या लाद्या फोडायचे, फ्राइलेहोन झुडपाच्या लोकरीसारख्या पानांत गुंडाळायचे आणि खेचरावर लादून खाली शहरात न्यायचे. पोचेपर्यंत अर्धा रस्त्यातच सांडलेला असायचा. पण कोम्पाद्रे अजून छाती पुढे काढून सांगतात, "या शहराला पहिलं गार सरबत आम्ही पाजलं." पुढे शहरात फ्रिज आले आणि लाद्या गेल्या. मग कोम्पाद्रेंनी उलटा धंदा काढला. बर्फ लोकांपर्यंत नेण्याऐवजी लोकांना खेचरावर बसवून बर्फापर्यंत न्यायचं.

त्यांचं पुढचं खेचर म्हणजे कोंदेसा. आमच्या डोंगरात अरे-तुरे नाहीच. नवरा बायकोला, आई तान्ह्या पोराला, धनगर कुत्र्याला, सगळे सगळ्यांना 'तुम्ही' म्हणतात. पण कोम्पाद्रेंइतकं ते कुणी मनावर घेतलेलं नाही. "चला कोंदेसाबाई, उचला पाय, पाहुणे खोळंबलेत." एकदा कोंदेसाने त्यांच्या दंडाला कडकडून चावा घेतला, तर हे दंड चोळत म्हणतात, "हे शोभतं का तुम्हाला?" मी असते तर दोन रट्टे दिले असते.

पाहुणे यायचे ते बहुतेक खालच्या उष्ण मुलखातले, माराकाइबोचे नाहीतर किनाऱ्यावरचे. जन्मात कधी गोधडी न पांघरलेली माणसं. आमच्याकडे बर्फ पडतो पावसाळ्यात, आणि ही मंडळी येणार जानेवारीच्या सुट्टीत, तेव्हा डोंगर तपकिरी. असंच एक कुटुंब जीपमधून उतरलं, आणि त्यातला गोल गृहस्थ कमरेवर हात ठेवून म्हणाला, "अहो, बर्फ कुठाय?"

कोम्पाद्रे जरासुद्धा ओशाळले नाहीत. शिखराकडे बोट करून म्हणाले, "बाईसाहेबांनी चादर धुवायला टाकलीय. जरा उशिरा आलात."

मग नेहमीचा कार्यक्रम. शिखराच्या खांद्याखाली बर्फाचा एक तुकडा बारमाही राहिलेला आहे. तो बघायचा म्हणजे हात लांब करायचा, अंगठा वर करायचा, एक डोळा मिटायचा. अंगठ्याच्या टोकाला जे दिसतं ते बर्फ. सगळ्यांनी ओळीने अंगठे वर करून "दिसला" म्हटल्याशिवाय खेचर हलत नसे. तो गोल गृहस्थ अडून बसला की तो ढग आहे. बरं, म्हणाले कोम्पाद्रे, आणि त्याला सोडून बाकीच्यांना खेचरांवर बसवलं. दुपारी तो धापा टाकत पायी वर पोचला तेव्हा दुरूनच ओरडत होता, "दिसला, दिसला!"

मुलगी झाली तेव्हा यांनी तिचं नाव ठेवलं निएवेस. म्हणजे बर्फच. आणि देवाची करणी बघा, तीच पोरगी लग्न करून माराकाइबोला गेली, जिथे कोंबडीने अंडं घातलं तर ते उकडलेलंच निघावं. नवरा फ्रिज दुरुस्त करतो. "चला, बर्फाचा धंदा घराण्यातच राहिला," असं मी एकदा सहज म्हणाले, तर कोम्पाद्रे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. नातवाच्या बाप्तिस्म्याला ते एकदाच तिकडे जाऊन आले. पाचही दिवस उघड्या फ्रिजसमोर स्टूल टाकून बसले होते म्हणे. परत आले ते जमिनीचा मुका घ्यायचाच बाकी ठेवून. "कोमाद्रे, तिथे नळालाच कॉफीचं पाणी येतं हो."

आता मुद्द्याचं सांगते. गेल्या पावसाळ्यात ओल्या दगडावरून पाय घसरून कोम्पाद्रे पडले, आणि गुडघ्याचं दुखणं मागे लागलं. बायको, बिचारी रामोना, जाऊन खूप वर्षं झालेली. घरात एकटे. गावातला फोन एर्मोहेनेसच्या दुकानात आहे, त्यामुळे गावात कुणाचंही काही खासगी राहत नाही. निएवेसचा फोन आला तेव्हा आम्ही सातआठ जण साखर आणि मेणबत्त्या घ्यायच्या निमित्ताने तिथे उभेच होतो.

"बाबा, आता पुरे," फोनमधून पोरीचा आवाज सगळ्या दुकानाला ऐकू येत होता. "फेब्रुवारीत कांदेलारियाचा सण झाला की मी तुम्हाला इकडे घेऊन येणार. शब्द द्या."

कोम्पाद्रेंनी फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली. मग म्हणाले, "दिला."

एर्मोहेनेसच्या हातून साखर तराजूबाहेर सांडली.

त्यानंतर गाव एकदम फार सभ्य झालं. "जाऊ नका" असं कुणी एका शब्दाने म्हणालं नाही. आमच्याकडे तसं म्हणतच नाहीत. बाप-लेकीच्या मध्ये आपण कशाला नाक खुपसा? आम्ही आपले त्यांना पाव नेऊन दिले, चीज नेऊन दिलं, "माराकाइबोची हवा गुडघ्याला चांगली हो" असं तोंडभरून सांगितलं. ते मान डोलवायचे. कोंदेसाला त्यांनी एर्मोहेनेसच्या गोठ्यात ठेवायचं ठरवलं. मला आतून रडू यायचं, पण मी त्यांना मोजे विणून दिले. माराकाइबोत लोकरीचे मोजे! डोकंच चालत नव्हतं माझं.

नाताळात त्यांनी नेहमीसारखा देखावा मांडला. कोम्पाद्रेंच्या देखाव्यात बेथलेहेम कायम बर्फात असतं. रंगवलेल्या फडक्यांचे डोंगर, त्यांवर मेंढीची पांढरी लोकर आणि वर पिठाचा शिडकावा. खऱ्या शिखरावर नसेल एवढा बर्फ त्यांच्या गोठ्यावर. मेंढपाळांच्या गळ्याला मफलर. आणि मध्ये गवतावर बाळ येशू, आजोबांच्या वेळचा, लाकडाचा, एका हाताची करंगळी तुटलेली.

आता आमचा रिवाज असा, की नवीन वर्ष लागलं की गवतावर झोपलेला बाळ कांदेलारियाच्या आत उभा करायचा. व्हायोलिन, गाणी, वाइन, बिस्किटं, फटाके, सगळं साग्रसंगीत. पण कुणी फार दिवस बाळ तसाच आडवा ठेवला, तर शेजाऱ्यांनी तो चोरायचा. मग घरमालकाने वाजतगाजत दारोदार शोधत फिरायचं, आणि सापडला की अख्ख्या गावाला मेजवानी द्यायची. बाळ सापडून उभा राहीपर्यंत मालकाला गाव सोडता येत नाही. सापडायला किती दिवस लागावेत याला काही नियम नाही. मागे एका घरचा बाळ जूनपर्यंत सापडला नव्हता, कारण चोरणाऱ्या बाईलाच ठेवलेली जागा आठवेना. आणि एक सांगते, नावडत्या माणसाच्या घरी आम्ही ही चोरी करत नाही. ज्याच्या घरी जेवायला, गायला जावंसं वाटतं त्याचाच बाळ चोरीला जातो.

जानेवारी अर्धा उलटला. घरोघरचे बाळ उभे राहिले. कोम्पाद्रेंचा आडवाच.

एक दिवस कुंपणापाशी आले. "कोमाद्रे, हल्ली मला फार गाढ झोप लागते बघा."

"वय झालं, कोम्पाद्रे."

"म्हणजे घरात कुणी शिरलं, काही उचलून नेलं, तरी मला पत्ता लागायचा नाही."

"आपल्या गावात कोण काय उचलतंय?"

"तेच तर म्हणतोय मी," असं म्हणून माझ्याकडे रोखून बघत राहिले. मग म्हणाले, "दाराची कडीपण निखळलीय. नुसतं ढकललं की उघडतं."

"अगं बाई!" मला काळजीच वाटली. म्हातारा माणूस, एकटा, आणि दाराला कडी नाही. त्याच दुपारी मी माझ्या भावाला हत्यारं देऊन पाठवलं आणि चांगली जाडजूड लोखंडी कडी बसवून घेतली. कोम्पाद्रे उभे राहून एकेक स्क्रू आत जाताना बघत होते.

"तुमचे फार उपकार झाले, कोमाद्रे," ते म्हणाले, दातओठ खात. मला वाटलं गुडघा दुखत असेल.

मग साखर घ्यायच्या निमित्ताने त्यांनी दुकानात एर्मोहेनेसला गाठलं. एर्मोहेनेस गावातला व्हायोलिनवाला, आणि तरुणपणी बाळ चोरण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. "माझा बाळ अजून झोपलाय हो," कोम्पाद्रे म्हणाले.

"असू द्या, असू द्या," एर्मोहेनेस मोठ्या मायेने म्हणाला. "तुम्हाला निघायच्या गडबडीत कशाला ती दगदग? मी येतो ना, दोन मिनिटांत गुपचूप उभा करून देतो. गाणं नको, जेवण नको."

कोम्पाद्रे साखर तिथेच टाकून निघून गेले.

जानेवारीच्या शेवटी मी त्यांना पिस्का प्यायला बोलावलं. बटाटे, दूध, वर अंडं फोडून आणि मूठभर कोथिंबीर, त्यांना आवडते तशी. बसले, वाडग्याकडे बघितलं आणि वाडगा बाजूला सारला.

"कोमाद्रे, या गावात एक चोर उरलेला नाही."

"काय झालं हो?"

"काय व्हायचंय? जन्म इथे काढला. प्रत्येकाच्या घरचा बाळ शोधायला मी फिरलोय, प्रत्येकाच्या दारात गायलोय. आणि माझ्या घरी चोरायला एक कुत्रं फिरकत नाही! कडी काय बसवून देता? गुपचूप काय उभा करून देता? मेलोय का मी?"

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाढ झोप काय, कडी काय! मला एकीकडे हसू आवरेना आणि दुसरीकडे स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

"मग निएवेसला सरळ नाही म्हणा ना, कोम्पाद्रे."

"शब्द दिलाय. फोनवर रडत होती पोर. मी नाही मोडणार." त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. "पण घरचा बाळ हरवलेला असताना माणूस गाव सोडून जाऊ शकतो का? तुम्हीच सांगा."

"नाही जाऊ शकत."

"आणि ती वरची बर्फाची चादर बघा. माझ्या लहानपणी अख्खा पंजा उभा केला तरी झाकली जायची नाही. आता अंगठ्याचं नख पुरतं. तिचे शेवटचे दिवस आहेत, कोमाद्रे. तिला तसं सोडून मी तिकडे फ्रिजसमोर जाऊन बसू?"

मी वाडगा परत त्यांच्यापुढे सरकवला आणि मनात म्हटलं, उद्या. उद्या मी स्वतः चोरते.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळच्या जीपने निएवेस हजर! सण इथेच करून मग बापाला न्यायचा तिचा बेत. बिनबाह्यांचा पिवळा झगा घालून उतरली आणि थंडीने दात वाजवायला लागली. हातात भली मोठी रिकामी पेटी, बापाचे कपडे भरायला. कोंदेसाला बघून म्हणाली, "काय गं, ओळखलंस का?" तर बाप म्हणाला, "त्यांना अगं-तुगं करू नका."

दुपारी निएवेस आईच्या कबरीवर फुलं ठेवायला गेली आणि कोम्पाद्रे कोंदेसाला एर्मोहेनेसकडे पोचवायला. मी पदर खोचला, म्हणजे शाल कमरेला बांधली, आणि निघाले. दाराला कुलूप! शहराच्या सवयीने निएवेसने लावलेलं असणार. माझ्याच भावाने बसवलेली कडी, मेली हलेना. शेवटी मागच्या खिडकीतून चढले. माझ्या वयाच्या आणि माझ्या आकाराच्या बाईने खिडकीत अडकून किती वेळ लटकायचं याला काही मर्यादा असते. कशीबशी आत पडले, देखाव्यापाशी गेले आणि बघते तर गवत रिकामं. बाळ नाही.

मला एवढा आनंद झाला म्हणता! एर्मोहेनेस, लबाड कुठले, शेवटी अक्कल आली तुम्हाला. मी तशीच खिडकीतून परत आले.

थोड्या वेळाने समोरून आरोळी आली. "चोर! चोर! माझा बाळ नेला हो!" कोम्पाद्रे दारात उभे, डोक्यावर नवी टोपी, खांद्यावर इस्त्री केलेली घोंगडीसारखी रुआना. माणसाचं घर लुटलं गेल्यावर इतका खुललेला चेहरा मी कुठे पाहिला नाही.

एर्मोहेनेस व्हायोलिन घेऊन आला, गाव गोळा झालं, आणि शोध सुरू झाला. प्रत्येक दारात गाणं, प्रत्येक दारात बडीशेपेच्या कढत दारूचा एकेक पेला. "आमचा बाळ इकडे आलाय का हो?" "नाही हो, इकडे नाही." कोम्पाद्रे डोळा मारायचे, पलंगाखाली वाकायचे, हंड्यात डोकवायचे आणि पुढे. गुडघा दुखतोय हे ते विसरूनच गेले होते. एर्मोहेनेसच्या घरी मी त्याला कोपराने ढोसलं. "काढा आता बाहेर."

"मी?" तो कुजबुजला. "मला वाटलं तुम्ही."

आम्ही दोघांनी हळूच एकेकाला विचारलं. हिने नाही, त्याने नाही. कुणीच नाही.

शेवटचं घर माझं. कोम्पाद्रेंनी पिठाचा डबा बघितला, कोंबडीचं खुराडं बघितलं, माझी उशीसुद्धा उलटी केली. मग माझ्यासमोर येऊन हळूच म्हणाले, "कोमाद्रे, पुरे आता थट्टा. द्या."

"माझ्याकडे नाही हो, कोम्पाद्रे. देवाशपथ."

"मग कुणाकडे आहे?"

सगळे एकमेकांच्या पायांकडे बघायला लागले. एर्मोहेनेसने व्हायोलिन खाली घेतलं. कोम्पाद्रेंनी एकेका तोंडाकडे बघितलं, आणि त्यांना कळलं की आम्ही नाटक करत नव्हतो. त्यांनी टोपी काढली.

"उंदराने ओढून नेला असेल," ते म्हणाले.

खरं सांगते, जमिनीने मला पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात मागून निएवेसचा आवाज आला. "बाबा, एक घर राहिलंय."

"कुठलं?"

"आपलं."

सगळी वरात समोरच्या घरात घुसली. निएवेसने पलंगावरची पेटी उघडली. आत तिच्या लोकरीच्या शालीत गुंडाळलेला बाळ, तुटकी करंगळी बाहेर आलेली. कोम्पाद्रेंचा चेहरा आणखी पडला. "बरोबर न्यायला बांधून ठेवलात होय?"

"चोरलाय मी."

"स्वतःच्या घरात कुणी चोरी करतं का?"

"हे माझं घर कुठे? तुम्हीच सगळ्यांना सांगता ना, पोर आता माराकाइबोची झाली म्हणून? परक्या बाईने चोरला. चोरी पक्की." आणि ती वाकून पलंगाखालून एकेक वस्तू ओढायला लागली. वाइनच्या बाटल्या. बिस्किटांचे डबे. फटाक्यांची गुंडाळी. रेशमी रुमाल, धुऊन इस्त्री केलेला. "आल्या आल्या चपला ठेवायला वाकले तर हे दुकान! चोराच्या मेजवानीची तयारी करून ठेवलेला माणूस मी आजच बघितला." मग ती आमच्याकडे वळली. "आणि तुम्ही सगळे! नव्या कडीची गोष्ट दुकानात ऐकली मी. एवढं दार उघडं टाकून बसला होता माझा बाप, आणि माझी धर्ममाता काय करते? कडी बसवते!"

मी शालीची टोकं चाळवत उभी राहिले.

"फोनवर 'नाही' का म्हणाला नाहीत, बाबा?" तिचा आवाज फुटला.

"तुम्ही रडत होतात."

"तुम्ही पडलात म्हणून रडत होते! तुम्हाला इथून उपटून न्यायचं होतं म्हणून नाही."

"आतासुद्धा रडताय."

"रडू द्या." तिने बाळ त्यांच्या हातात ठेवला. "तुमचा शब्द मी परत केला. इथेच राहा. पण दगडांवरून पायी फिरायचं नाही, कोंदेसाबाईंवर बसायचं. आणि दर रविवारी दुकानात येऊन मला फोन करायचा. कबूल?"

"कबूल," असं गावच आधी ओरडलं. कोम्पाद्रेंनी बाळाला छातीशी धरून नुसती मान हलवली.

कांदेलारियाला बाळ उभा राहिला. रेशमी रुमालाची चार टोकं निएवेस, एर्मोहेनेस, माझा भाऊ आणि मी धरली, मध्ये बाळ, पुढे कोम्पाद्रे मेणबत्ती घेऊन. गावातून फिरवून आणला, पिठाच्या बर्फात उभा केला, रिबिनीने बांधला. "उठा आता," कोम्पाद्रे त्याला म्हणाले, "फार झोपलात." वाइन संपली, बिस्किटं संपली, आणि एर्मोहेनेसने इतकं बेसूर वाजवलं की कोंदेसा गोठ्यातून ओरडायला लागली.

जीप निघाली त्या सकाळी डोंगर धुक्यात गुडुप होता. शिखर सोडाच, समोरचं चर्चही धड दिसत नव्हतं. निएवेस जीपमध्ये बसली, रिकामी पेटी मांडीवर. कोम्पाद्रे काही बोलायच्या आत तिने हात लांब केला, अंगठा वर केला आणि एक डोळा मिटला.

"दिसला, बाबा."

जीप वळणाआड गेली तरी ते तिथेच उभे होते. मी मुद्दाम हाक मारली नाही.

दुपारी आले ते हातात माझी लोखंडी कडी घेऊन. स्क्रूसकट, पुसून स्वच्छ केलेली. माझ्या टेबलावर ठेवली.

"ही तुमची कडी, कोमाद्रे," ते म्हणाले. "आणि पुढच्या वर्षी एवढा उशीर करू नका."